सहा एकरांतलं जंगल

शरणम्मा घरात झोपत नसे. थंडी असो की पाऊस, तिची वाकळ ओसरीच्या बाहेर, अंगणात. पाऊस फारच लागला तर पत्र्याच्या कडेला सरकायची, पण भिंतीला पाठ लावायची नाही. जळकोटकडच्या त्या लहानशा गावात नवी सून आली की हमखास विचारायची, "मौशी, आत का न्हाई झोपत?" शरणम्माचं उत्तर ठरलेलं. "आत झोपलेले समदे गेले बाई. बाहीर हुते ते ऱ्हायले."

बाहेर होते म्हणजे दोघं. ती आणि तिचा अज्जा, म्हणजे आजोबा. त्र्याण्णव साली ती तेरा वर्षांची होती, माहेर औशाच्या बाजूला. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं, आणि अज्जा तिला घेऊन रानात डुकरं हाकायला गेला होता. पहाटे जमीन हलली. उजाडल्यावर दोघं गावाकडं आले तर गाव नव्हतं, दगडमातीचा ढिगारा होता. आई, बाप, दोन भाऊ, धाकटी बहीण. त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून मातीत ठेवायची रीत. पण तेव्हा पाऊस लागला होता, आणि रीत पाळायला मागं माणसंही नव्हती. सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. पुढं बापाचं रान चुलत्यानं नांगरायला घेतलं ते घेतलंच. दोन वर्षांत अज्जाही गेला. पोरीच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. घर माणसाला मारतं, रान मारत नाही. आता हे काही शास्त्र नव्हे. पण ज्याच्यावर बेतलं त्याला शास्त्र कोण शिकवणार?

सतराव्या वर्षी तिचं लग्न मन्मथशी झालं. मन्मथ स्वभावानं गरीब, कामाला बैल, आणि नावावर जमीन म्हणाल तर चूल मांडण्यापुरती. त्याला रामकिशनचं सहा एकर रान बटईनं मिळालं. रान मालकाचं, कष्ट बटईदाराचे, पीक निम्मं-निम्मं. पाडव्याला बोली व्हायची, ती पुढच्या पाडव्यापर्यंत. अशा बोल्या सव्वीस वर्षं झाल्या. कागद कधी झाला नाही, कुणाला लागलाही नाही.

ते रान काही फार नामी नव्हतं. खालची दोन एकर काळी, वरची चार मुरमाड, मध्ये एक बांध आणि कोपऱ्यात विहीर. पण शरणम्मानं ते असं सांभाळलं की गावातली माणसं त्याला रामकिशनचं रान म्हणायचं विसरली. "शरणम्माच्या रानाकडून जा," असं वाटसरूला सांगायची. हे ऐकून रामकिशनची बायको तारामती हसायची. "बघ गं शरणू, सातबारा आमचा आणि नाव तुझं." दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आलेल्या. तारामती मालकीण खरी, पण तिला भाकरी थापायला शरणम्मानंच शिकवलं. आणि तारामतीची पोरगी ऋतुजा पहिलं वर्षभर शरणम्माच्या लुगड्याच्या झोळीत, त्याच बांधावरच्या लिंबाखाली झोपली. शरणम्माला स्वतःला मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आपणही बोलायला नको.

वर्षातला त्यांचा मोठा दिवस येळवस. मार्गशीर्षातली ही अमावास्या दिवाळीला मागं सारते. लातूरची दुकानं बंद पडतात आणि ज्याला त्याला कुणाच्या तरी रानात जेवायचं बोलावणं असतं. कडब्याची खोप करायची, आत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवायचे, भज्जी-भाकरी-आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, 'ओलगे ओलगे' करत आंबील पिकावर शिंपडायची. येईल त्याला वाढायचं, ओळख असो वा नसो. आणि दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून उभ्या पिकाभोवती फिरवायची. त्या पेटत्या पेंढीला हेंडगा म्हणतात. पिकाची इडापिडा त्यात जळते. सव्वीसातल्या बहुतेक येळवशींना हेंडगा शरणम्मानंच फिरवला, कारण मन्मथला जेवण झालं की झोप यायची.

मग ऋतुजा दहावीला ब्याण्णव टक्के घेऊन बसली. तो काळ असा होता की पोराला ब्याण्णव टक्के पडले तर बापाला गावात राहण्याची सोय नसे. जो भेटेल तो विचारायचा, "लातूरला टाकली का न्हाई अजून?" लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या. खांबाखांबावर डॉक्टर झालेल्या पोरापोरींचे फोटो. रामकिशननं तिथं दोन खोल्या घेतल्या, क्लासच्या गल्लीत वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं, आणि तारामतीसह बिऱ्हाड हललं. रानाशी त्याचा संबंध फोनपुरता उरला. सोयाबीनचा भाव पडला की तो फोनवर चिडायचा, पावसानं ओढ दिली की चिडायचा. त्याला रान नको होतं आणि विकवतही नव्हतं. असं झालं की माणूस कुठल्या तरी तिसऱ्या वाटेची वाट पाहत बसतो.

ती वाट मोटरसायकलवर बसून आली. मुज्तबा नावाचा पोरगेला साहेब, बिलोलीचा, शेतकी शिकलेला. बोलायला गोड, आणि मनानंही वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कंपनी म्हणत होती, रानात झाडं लावा. रोपं आमची, ठिबक आमचं, आणि वीस वर्षं झाडाला हात लावायचा नाही. दरवर्षी एकरी ठरावीक रक्कम आणि पुढं झाडांनी जेवढा कार्बन धरला त्याचा वाटा. रामकिशननं लातुरात बसून सही केली. शरणम्माला कळलं ते मुज्तबा टेप घेऊन रान मोजायला आला तेव्हा.

"ह्ये कार्बन म्हंजी काय, साहेब?"

"कोळसा समजा, मौशी. हवेत उडलेला. झाड तो ओढून घेतं अन् लाकडात धरून ठेवतं. परदेशातल्या कारखान्यानं तिकडं धूर सोडला, तर तेवढा धूर इथं धरायचे पैसे त्यो देतो."

"मंग जवारी न्हाई धरत का? तूर न्हाई धरत?"

असा प्रश्न मुज्तबाला त्याच्या वरच्या साहेबांनीही विचारला नव्हता. "धरते की. पण ती आपण खातो ना, मौशी. वर्षाच्या आत पुन्हा हवेत जाते. जे खाल्लं जातं ते मोजत न्हाईत."

शरणम्मानं बांधावरच्या लिंबाकडं बोट केलं. सव्वीस वर्षं तिनं तो राखला होता. "अन् त्यो?"

"त्यो आधीपासूनच हाय. नवीन लावलं तरच मोजतात."

म्हणजे तिनं पिकवलेलं मोजायचं नाही आणि तिनं राखलेलंही मोजायचं नाही. बरं, मग तिचं काय? तेही मुज्तबानं सांगितलं. पहिली दोन वर्षं झाडांच्या ओळींमध्ये तूर घ्यायला हरकत नाही. तीन वर्षं झाडं जगवायची मजुरी महिन्याच्या महिन्याला मिळेल. "अन् त्याच्याम्होरं?" "त्याच्यापुढं जंगलाला माणूस लागत न्हाई, मौशी." त्यानं हे अगदी समाधानानं सांगितलं. आणि त्याचा सगळा हिशेब त्यावरच उभा होता. रानाला दोन माणसं लागत, त्यांना अर्धं पीक द्यावं लागे. जंगलाला कुणीच लागत नाही, म्हणून जंगल मालकाला परवडतं.

आणखी एक अट होती आणि तीच गावभर झाली. चौथ्या वर्षी माघात झाडांची मोजणी होणार. शंभरातली साठ जगली नसतील तर करार मोडला, रान पुन्हा मोकळं. रान मोकळं म्हणजे पुन्हा बटई, पुन्हा शरणम्मा. त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर चार बायांच्या देखत ती संतापून बोलून गेली, "वाळून कोळ हू दे ती झाडं! एकबी जगू नये!" बोलली ती खरीच. तिच्या हातून रान चाललं होतं. माहेरचं एक गेलं ते लहानपणी, काही कळत नव्हतं तेव्हा. हे दुसरं चाललं होतं ते डोळ्यांदेखत, आणि तिच्याच हातानं खड्डे घेऊन.

दीड हजार खड्डे. निम्म्याहून अधिक तिनं घेतले. करंज, लिंब, शिवण, शिरस, थोडी सीताफळं.

पहिल्या वर्षी ओळींमध्ये तूर बरी आली. दुसऱ्या वर्षी निम्मी. त्याच वर्षी वैशाखात विहिरीवरची मोटार जळाली. मुज्तबा म्हणाला, नवी यायला पंधरा दिवस तरी लागतील. रोपं कमरेइतकी झाली होती, पानं लोंबायला लागली. मन्मथ त्या दिवशी सकाळी घरी येऊन बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं बायकोला शहाणपण सांगितलं. "आपून काय बी करायचं न्हाई. काय बी. पंधरा दिवस घरी बसायचं. आपल्या हातानं उपटली का? न्हाई. मोटार आपुन जाळली का? न्हाई. देवानंच केलं आसं म्हणायचं. रान आपसूक माघारी येतंय."

त्याचं काही चूक नव्हतं. तिलाही ते पटलं. एक दिवस ती घरी बसली. ज्वारी निवडली, वाकळ शिवली, दोन वेळा उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथ उठला तर घागर जागेवर नव्हती. रानात जाऊन पाहतो तर ही बाई विहिरीत उतरून घागर भरते आहे, वर येते आहे, आणि एकेका रोपाच्या बुडाशी तांब्या-तांब्यानं ओतते आहे.

"याड लागलं का तुला?" तो ओरडला.

"झाडानं काय केलंय?" ती म्हणाली. "सही मालकानं केली. पानी झाडानं मागिटलंय."

तो तिथंच बांधावर डोक्याला हात लावून बसला. थोड्या वेळानं शिव्या देत उठला आणि दुसरी घागर आणायला गेला. पंधरा दिवस दोघांनी पाणी घातलं. तिच्या खांद्याला तेव्हा जो त्रास लागला तो अजून आहे. नवी मोटार घेऊन मुज्तबा आला तेव्हा त्यानं ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाला, "मौशी, आख्ख्या तालुक्यात तुमच्याएवढी कुणाची न्हाई जगली." शरणम्मा खूश झाली. मग आपण कशावर खूश झालो ते तिच्या ध्यानात आलं, आणि त्या दिवशी ती मन्मथशी धड बोलली नाही.

तिसऱ्या वर्षी तूर पेरलीच नाही. सावलीत काय येणार? झाडं माणसाच्या वर गेली. शरणम्मा मजुरीपुरती जायची, मग मजुरी संपली तरी जायची. मधल्या ओळींत गवत माजलं होतं. ते तिनं म्हशीला कापून नेऊ का विचारलं, तर मुज्तबानं जीभ चावली. "ना ना मौशी, गवताला हात लावायचा न्हाई. मातीतला कार्बन उडतो. राहू द्या वाळलेलं तसंच." वाळलेलं राहू दिलं. कमरेइतकं. रोज जाऊन ती काय करायची? काही नाही. फिरायची. वाकडं झालेलं खोड सरळ बांधायची. करंजाला पहिला तुरा आला तो तिनं मन्मथला ओढत नेऊन दाखवला. या झाडांनी तिचं पोट काढून घेतलं होतं आणि ही बाई त्यांना आल्या-गेल्याला मिरवून दाखवत होती. माणसाच्या मनाला काय म्हणावं?

चौथ्या वर्षीची येळवस मोजणीच्या एक महिना आधी आली. आदल्या वर्षी तारामतीच्या सासूचं सुतक होतं, म्हणून येळवस झाली नव्हती. यंदा तारामती लातूरहून ऋतुजाला घेऊन आली. पोरगी तिसऱ्यांदा डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती, डोळ्यांखाली काळं झालेलं, हातात वही. "आता खोप कुठं करायची गं? पीक कुठंय?" तारामतीनं विचारलं. शरणम्मानं लिंबाखाली कडबा उभा केला, पाच दगड रंगवले, भज्जी केली. जेवताना ऋतुजा पहिल्यांदा हसली. शरणम्माच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धा तास झोपलीही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची टेस्ट होती म्हणून चारलाच मायलेकी निघाल्या. मन्मथ भांडी घेऊन पुढं गेला.

दिवस मावळायला आला. शरणम्मा एकटी उरली, आणि खोपीचा कडबा होता.

तिला वाटलं, सव्वीस वर्षं ज्वारी-हरभऱ्याभोवती हेंडगा फिरवला. यांच्याभोवती कुणी फिरवला? पहिली दोन वर्षं फिरवला तो तुरीसाठी. या बिचाऱ्यांना कुणाचंच काही नाही. कंपनी टेप लावून मोजते, मालक फोनवर विचारतो. यांची दृष्ट कुणी काढायची? आता पीक म्हणाल तर हेच की. तिनं पेंढी बांधली, पेटवली आणि 'इडा जावो, पिडा जावो' म्हणत झाडांच्या कडेनं चालू लागली.

तिच्या हाताला एवढंच ठाऊक होतं की उभं पीक पेटत नाही. येळवशीला हरभरा ओला असतो, गहू ओला असतो, ज्वारी हिरवी असते. हजार ठिणग्या पडल्या तरी विझतात. गेल्या कित्येक पिढ्यांत हेंडग्यानं कुणाचं पीक जळालं नव्हतं. पण कमरेइतकं वाळलेलं गवत कुणी कधी पीक म्हणून राखलंही नव्हतं. वरच्या कोपऱ्यात वारं फिरलं. ती वळून पाहते तो मागं आगीची ओळ लागलेली. पदर काढून तिनं झोडपलं. लिंबाचा डहाळा मोडून झोडपलं. ओरडली. माणसं धावून येईपर्यंत आग बांधापाशी पोचली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दिवस पुरता बुडायच्या आत सगळी झाडं जळून काळी पडली.

आता गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. एका महिन्यावर मोजणी. झाडं मेली तर रान कुणाला? हिलाच. रानात तेव्हा कोण होतं? हीच. आणि एसटीच्या थांब्यावर "कोळ हू दे" कोण म्हणालं होतं? चौघी साक्षीला होत्याच. वाईट याचं वाटतं की कुणी तिच्यावर रागावलं नाही. उलट कौतुकच झालं. बायका हळूच म्हणायच्या, "केलं ते बेस केलं, शरणम्मा. पोटावर पाय दिला तर मानूस काय करंल?" ती सांगायची, म्या हेंडगा फिरवला हो, झाडांसाठी फिरवला. त्या डोळे मिचकावून म्हणायच्या, "हाव हाव, आसंच सांगायचं."

पंधरा दिवसांनी तारामती एकटी आली. पर्समध्ये छापलेला कागद होता. शरणम्माच्या हातांना तिनं स्वतः मलम लावलं आणि मग सगळं समजावून सांगितलं. मालकाच्या किंवा मालकाच्या माणसाच्या निष्काळजीपणानं आग लागली असेल, तर आतापर्यंत मिळालेले सगळे पैसे परत करायचे. ते पैसे ऋतुजाच्या क्लासला गेलेले. पण बाहेरच्या कुणी खुन्नस म्हणून लावली असेल तर मालकाचा दोष नाही. कंपनी अशा नुकसानीसाठी थोडी झाडं हिशेबाबाहेर राखून ठेवते, त्यातून भागवते. या बरड भागात पुन्हा लावायला कंपनीही तयार नाही. करार मिटतो, रान मोकळं होतं.

"तू एवढं लिहून दे शरणू, की रान काढून घेतल्याच्या रागानं लावली. पोलिसात कुणी जाणार नाही, ह्यांनी तसा शब्द घेतलाय. आणि पाडव्यापासून रान तुलाच. निम्मं नाही, दोन वाटे तुझे."

शरणम्मानं कागद हातात घेतला. सातवीपर्यंत शिकलेली होती, वाचता येत होतं. 'मनात राग धरून मी जाणूनबुजून' इथपर्यंत तिनं वाचलं.

"वैनी," ती म्हणाली, "सही करीन मी. रान पायजे मला. पण तुमी सांगा. गावाचं सोडा. तुमाला काय वाटतं? म्या लावली?"

तारामतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शरणम्माला जवळ घेतलं. आपल्या परीनं तिनं जे होतं नव्हतं ते सगळं त्या घटकेला देऊ केलं, यात शंका नाही. म्हणाली, "माझा तुझ्यावर जरासुद्धा राग नाही गं. तुझ्या जागी मी असते ना, तर मीसुद्धा लावली असती."

शरणम्मा तिच्या मिठीत तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांच्या सोबतीची ही बाई, जिच्या पोरीला तिनं झोळीत वाढवलं, तिनं माफ केलं होतं. जे केलंच नाही त्याची माफी. यापुढं खरं सांगायला जगात दुसरं कोण होतं? तिनं पेन मागून घेतलं आणि भाजल्या बोटांनी सही केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

रामकिशननं जळकी खोडं वीटभट्टीला विकली. भट्टीवाल्यानं ती बुडाशी कापून नेली, बुंधे जमिनीत राहिले. पाडव्याला शरणम्मा आणि मन्मथ रानात गेले. सव्वीस बोल्यांवर ही नवी बोली, दोन वाटे त्यांचे, एक मालकाचा. असा भाव गावात कुणाला मिळाला नव्हता.

काळ्या पडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले होते. करंजाला, लिंबाला, शिरसाला. बुडापासून तांबूस, कोवळे, वितीवितीचे. एक-दोन नव्हे, ओळीच्या ओळी.

त्याच आठवड्यात मुज्तबा ठिबकच्या नळ्या परत न्यायला आला. मोटरसायकल लावून तो रानात शिरला आणि थबकला. मग सवयीनं मोजत चालत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पोरासारखा फुलला होता. "मौशी, जिवंत हायेत सगळे! शंभरात ऐंशी तरी! मुळं गेलीच न्हाईत. तुम्ही पाणी घालून खोल उतरवली ना मुळं." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. "करार मिटला नसता तर... मोजणीत धरले असते हे. आम्ही धुमारा जिवंत धरतो."

"मंग आता?"

"आता काय, मौशी. कागद झाला ना." त्यानं खाली पाहिलं. नळ्यांची वेटोळी बांधून तो निघून गेला.

ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं होतं, बुंधे असताना मी नांगर घालणार नाही, पाती मोडतात. माणसानं खांदून काढा, मग बोलवा. मन्मथचा गुडघा गेलेला. मृगाला दोन महिने होते. शरणम्मानं पदर खोचला आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. खोदणं म्हणजे काय, तर आधी धुमारे हातानं ओरबाडायचे, मग चारी बाजूंनी माती उकरायची, मग सोटमूळ तुटेपर्यंत कुदळ घालायची. मुळं आत ओली होती. तुटल्यावर पाणी सुटायचं. ज्या झाडांना दोन दिवस तहानलेलं ठेवणं तिला जमलं नव्हतं, त्यांना आता ती एकेक करून मारत होती. कागदावर सही केलेलं एक अक्षरही तेव्हा खरं नव्हतं. आता ते तिच्याच हातानं खरं होत चाललं होतं.

अकरावं की बारावं एक करंजाचं होतं. ते काढताना ती खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. भूकंपात इतकी माणसं गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा लहान होती. मन्मथ लंगडत आला. तो तिच्याजवळ बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "आपल्याला न्हाई पायजे बटई. वैनीला सांगू. राहू दे ह्येंला. आपून जाऊ लातूरला, मेसमधी भाकऱ्या करू."

शरणम्मानं पदरानं तोंड पुसलं. "मंग सही कशाला केली म्या?" ती म्हणाली.

ती उठली आणि पुढच्या बुंध्याकडं गेली.